त्रिकोणातला पाच

आमच्या घरातल्या पुरुषांना काही नको असतं. वाढदिवस असो, पाडवा असो, "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं की चौघांचं उत्तर एकच, "काही नको." सासऱ्यांच्या कपाटात टाचण्यांसकट घडी घातलेले सात शर्ट आहेत. नवऱ्याकडे रुमालांचे इतके खोके साठलेत की अख्ख्या वाड्याला सर्दी झाली तरी पुरून उरतील. भाऊ बोटीवर असतो, तारवटी. तो वर्षातून तीन महिने घरी येतो, तेव्हा तोच आम्हाला चॉकलेटं वाटतो. मुलगा सोळा वर्षांचा. त्याला जे हवं ते माझ्या ऐपतीत नाही, आणि माझ्या ऐपतीतलं त्याच्या मित्रांना दाखवण्यासारखं नाही.

विकतचं यांना रुचत नाही, तर हाताने काहीतरी करावं, म्हणजे खर्चही वाचेल, असं मला वाटू लागलं तिथून माझे भोग सुरू झाले. पहिल्या वर्षी नवऱ्यासाठी मफलर विणला. दोन महिने विणला. गोव्यात, फोंड्यात! आमच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणायचा, एवढाच तिचा थाट. सध्या तो मफलर लोणच्याच्या बरणीच्या गळ्यात आहे. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांना पेनं ठेवायला नारळाच्या करटीचा पेला केला. तीन दिवस पॉलिश पेपरने करटी घासली, सोबत अंगठ्याची साल निघाली ती वेगळी. बाबांनी तो पेला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "दवलो बरो जाला गो. पूण दांडो खंय?" दुपारी त्यांनी स्वतः बांबूची काडी तासून त्याला दांडा बसवला. आजही आमची डाळ त्याच दवल्याने वाढतात. टिकाऊ आहे, हे मान्य करावं लागेल.

गेल्या वर्षी मी साबणावर आले. विचार अगदी पक्का होता. नरकचतुर्दशीला नरकासुर जाळून झाला की पहाटे झाडून सगळे पुरुष न्हातात. तेल लावून, कारीट फोडून, जिभेला कडू लावून न्हातातच. त्या वेळी हातात साबण ठेवला तर "काही नको" म्हणायला कोणाला तोंड राहणार आहे? शिवाय साहित्य तरी काय, खोबरेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. तेलाचा आपला मुलूख. उरलं कॉस्टिक.

कॉस्टिक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दुकानदाराने विचारलं, "गटार तुंबलंय?" मी म्हटलं, "नाही, सासऱ्यांना अंघोळीला हवंय." त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. डबा मात्र दोन पिशव्यांत घालून दिला.

आता जरा हिशोब. खोबरेल शंभर ग्रॅम असेल तर कॉस्टिक साधारण साडेसतरा ग्रॅम लागतं. म्हणजे अर्धा किलो तेलाला 87 ग्रॅम, आणि पाणी दोनशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्यात थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि अंगाला बोचत नाही. इथे "अंदाजाने" चालत नाही. चार पिढ्या मुठीने मीठ घालणाऱ्या घराण्यातली मी, मला ग्रॅमचा काटा विकत घ्यावा लागला. दुसरा नियम असा की पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकमध्ये पाणी कधीच नाही. उलट झालं तर ते उसळून अंगावर येतं. हे मी इतकं घोकलं होतं की रात्री झोपेतही बडबडत होते म्हणे.

तिसरा नियम मात्र वाचायचा राहिला. अॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही.

मी मागच्या पडवीत, चष्मा लावून, रबरी हातमोजे घालून, भाताच्या मोठ्या टोपात पाणी घेतलं आणि त्यात कॉस्टिक सोडलं. टोप खदखदायला लागला. खाली चूल नाही, गॅस नाही, आणि पाणी उकळतंय! कॉस्टिकने पाणी तापतं हे माहीत होतं. पण इथे टोपच विरघळत होता, करडा फेस येत होता आणि घशात काटे टोचावेत तसा वाफारा. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, हे मला नंतर मुलाने त्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातून ऐकवलं. त्याच्या अभ्यासाचा घराला झालेला तो पहिला उपयोग. मी लांब अंगणात उभी होते. कुंपणापलीकडून शेजारीणबाईंनी डोकावून विचारलं, "कितें गो, भाटी लायल्या?" काजूचा हंगाम संपून चार महिने झालेले, तरी त्यांना फेणीच सुचली. मी म्हटलं, साबण करतेय. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की भाटी असती तर त्यांना जास्त समजलं असतं.

टोप गेला. दुसऱ्या वेळी स्टीलचं पातेलं घेतलं. कॉस्टिकचं पाणी निवू दिलं, तेल कोमट केलं, एकत्र केलं आणि ढवळत बसले. आधी ते ताकासारखं असतं, मग कढीसारखं होतं आणि शेवटी भज्यांच्या पिठासारखं. वरून थेंब सोडला की त्याची रेघ दिसायला हवी. ती दिसायला मला पाऊण तास लागला. ढवळायला हाताशी काही नव्हतं, म्हणून शेवटी बाबांचा दवलोच घेतला. (धुतला हो. तीनदा धुतला.) मिश्रण आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात ओतलं आणि निश्चिंत झोपले.

खोबरेलाचा साबण काही तासांत दगड होतो. तो मऊ आहे तोवर वड्या पाडायच्या असतात, बर्फी पाडतो तशा. सकाळी मी सुरी लावली तेव्हा ती बर्फी राहिली नव्हती, चिरा झाला होता. दाबली तसा त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. दोन कोपऱ्यांतून आणि एक सासूबाईंच्या तुळशीतून निघाली.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. कापायचंच नको म्हणून श्रीखंडाच्या आठ रिकाम्या डब्यांत थेट ओतायचं ठरवलं. आणि पिवळाधमक रंग यावा, दिवाळी वाटावी म्हणून दोन चमचे हळद घातली. तो साबण डोळ्यांदेखत लाल झाला. कुंकू! हळदीला क्षार लागला की ती लाल होते, चुन्याने हळदीचं कुंकू करायची पद्धत त्यावरच उभी आहे, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. मग त्या क्षणी का आठवलं नाही? कारण मी तेव्हा श्रीखंडाचे डबे मोजत होते.

मग सहा आठवडे वाळवणं. वड्या सुपात मांडून कपाटावर ठेवल्या. पाऊस काही संपेना. साबणातलं ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं, त्यामुळे रोज सकाळी वड्यांवर दवासारखे थेंब. मी फडक्याने टिपायची. नवरा म्हणाला, "साबण रडतोय गो तुझा." मी काही बोलले नाही, कारण मीही जवळपास तिथेच होते. मधेमधे जिभेचं टोक लावून बघायचं असतं. कॉस्टिक मोकळं राहिलं असेल तर बॅटरीला जीभ लावल्यासारखा चटका बसतो. पहिल्या आठवड्यात बसला. सहाव्यात नुसती साबणाची चव आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला साबणाच्या चवीने आनंद झाला.

खर्चही सांगून टाकते, कारण स्वस्तात म्हणून सुरुवात केली होती. घाण्याचं तेल दोन वेळचं पाचशे, कॉस्टिक नव्वद, चष्मा आणि मोजे दोनशे दहा, काटा चारशे ऐंशी, आणि नवा टोप साडेसहाशे. एकूण 1,930 रुपये. वड्या आठ. एका वडीला दोनशे एक्केचाळीस रुपये. माझी मजुरी धरलेली नाही, कारण ती या घरात कधीच धरत नाहीत.

दिवाळीच्या पहाटे, रस्त्यावर नरकासुराची राख अजून धुमसत असताना, मी चौघांच्या हातात दोन दोन वड्या दिल्या. केळीच्या पानात गुंडाळून, वर सुतळी. एवढ्या आठवड्यांत रंग उतरून विटकरी झाला होता. मुलाने एकदाच तोंडाला लावला आणि म्हणाला, "आई, कातडी पापडासारखी ताणली गेली." उरलेल्याने त्याने कुत्र्याला न्हाऊ घातलं. कुत्रा चकाकतो. नवरा त्या साबणाने फक्त गळ टाकून आल्यावर हात धुतो. म्हणतो, "बांगड्याचा वास नाव घ्यायला उरत नाही." त्याच्याकडून हे म्हणजे पद्मश्री. भावाला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की खोबरेलाच्या साबणाला समुद्राच्या पाण्यातही फेस येतो. तो म्हणाला, "ताई, बोटीवर गोड्या पाण्याचा शॉवर असतो. मी काय शिडाच्या गलबतावर आहे?" पण महिन्याभराने बोटीवरून निरोप आला, इंजिन रूममधल्या माणसांचं ग्रीस निघतंय, आणखी दहा करून ठेव.

राहिले बाबा. पन्नास वर्षं ते एकाच लाल साबणाने न्हातात. त्यांनी वडी उलटी केली. श्रीखंडाच्या डब्याच्या बुडाला प्लास्टिकची खूण असते ना, त्रिकोणात पाचाचा आकडा? डबा पातळ, त्यामुळे ती वडीवर जशीच्या तशी उमटली होती. बाबांनी चष्मा वर करून ती वाचली.

"पाच रुपये? परवडता," म्हणाले. "आणि तांबडोच आसा."

मी दोनशे एक्केचाळीसचा उच्चार केला नाही.

परवा न्हाणीघर धुताना त्यांची साबणदाणी उचलली. आमच्याकडचे पुरुष झिजलेला साबण कधी टाकत नाहीत, नव्या साबणाच्या पाठीवर चिकटवतात. बाबांच्या नव्या लाल वडीवर माझ्या साबणाची नखाएवढी चकती दाबून बसवलेली होती. नीट चिकटली नव्हती म्हणून तिला वरून दोरा गुंडाळला होता. सुतळीतलाच एक पदर सोडवून घेतला होता त्यांनी.

मी दारातून विचारलं, "बाबा, हा टाकू का आता?"

"नाका गो," आतून आवाज आला, "आजून आठ दीस वता तो."