जर्सी कोणाची, अंग कोणाचं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर रायन विल्यम्सवरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा पर्थचा फुटबॉलपटू, बंगळूरच्या क्लबकडून खेळतो. आई मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन, आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून तो २०१९ साली एक मैत्रीपूर्ण सामना खेळलाही होता. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून त्यानं भारताचं घेतलं, कारण आपल्याकडच्या नियमानुसार भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताची जर्सी नाही.

मला वाटलं होतं, ग्रुपवर हारतुरे चालले असतील. सकाळी सातला इथे नेदरलँड्समध्ये फोन उघडला, तोवर तिकडे कोल्हापुरात साडेअकरा वाजलेले आणि मंगळवार पेठेतला माझा बालमित्र पेटलेला. "भाडोत्री आणून देश जिंकत नसतोय. आमची पोरं काय मेली काय?" खाली अंगठ्यांची रांग. मग अनिकेत जाधवचं नाव निघालं, सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळलेला आपला कोल्हापूरचा पोरगा. मग शाहू स्टेडियम निघालं. मग नेहमीप्रमाणे "जे गेले ते गेले".

हे शेवटचं वाक्य मला उद्देशून नव्हतं असं नंतर दोघांनी खासगीत सांगितलं. म्हणजे होतंच.

मी इथल्या होफडॉर्प गावात अकरा वर्षं राहतो. इथे विमानतळाच्या वाटेवर बेसबॉलचं एक देखणं स्टेडियम आहे. २०१४ साली बांधलं तेव्हा अमेरिकेतली मेजर लीग इथे येऊन खेळेल अशी आशा होती. ती काही आली नाही. डच लोक बेसबॉलला होंकबाल म्हणतात. होंक म्हणजे पकडापकडीत ज्या जागेवर उभं राहिलं की राज्य असलेल्याला आपल्याला बाद करता येत नाही ती जागा. आणि घर सोडून फारसं कुठे न जाणाऱ्या माणसाला इथे होंकफास्ट म्हणतात. हा शब्द मी भाषेच्या परीक्षेसाठी पाठ केला होता, तेव्हा हसू आलं होतं.

माझी मुलगी आठवड्यातून दोनदा खेळते म्हणून मी या खेळात ओढला गेलो. आधी मला हा क्रिकेटचा धसमुसळा चुलतभाऊ वाटायचा. शनिवारी कँटीनची ड्यूटी आली की तोस्ती, म्हणजे टोस्ट सँडविच, भाजता भाजता काचेतून मैदान दिसतं, आणि शेजारी उभे असलेले आजोबा जुन्या मॅचेस सांगत बसतात. मी त्यांच्याकडूनच शिकलो. ग्रुपवर मी जो लांबलचक मेसेज टाकला त्याचं मूळ त्या काउंटरवर आहे.

मेसेज असा होता. फुटबॉलच्या या देशात होंकबाल तसा कोपऱ्यातला खेळ. एका इंग्रजीच्या मास्तरांनी अमेरिकेतून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आणला, १९१२ साली संघटना झाली. युरोपची स्पर्धा डचांनी वीसहून जास्त वेळा जिंकलीय, पण युरोपात जिंकणं म्हणजे पेठेतल्या पेठेत जिंकणं. खरा झटका दिला तो सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली. क्यूबा ऑलिंपिकमध्ये तोवर एकही सामना हरलेला नव्हता. १९९२ आणि १९९६ ची सुवर्णपदकं त्यांचीच, सलग एकवीस विजय. त्यांना डचांनी ४-२ असं हरवलं. निर्णायक फटका कुणाचा? हेन्स्ली म्यूलन्सचा. जन्म कुरासाओ, कॅरिबियन समुद्रातलं डच राज्यातलं बेट. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळलेला त्या बेटाचा पहिला माणूस.

पुढे २००६, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची पहिली स्पर्धा. शेरॉन मार्टिस नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं पनामाला एकही हिट मारू दिला नाही. सामना सात इनिंगमध्ये दहा धावांच्या फरकानं संपला. पिचरला पासष्ट चेंडूंची मर्यादा होती, त्यानं मोजून पासष्ट टाकले. जन्म? विलेमस्टाड, कुरासाओ.

आणि २००९. हे सांगताना आजोबा तोस्तीचं यंत्र बंद करायला सांगतात. सान हुआनमध्ये डॉमिनिकन रिपब्लिक, म्हणजे डेव्हिड ऑर्टीझ, पेद्रो मार्टिनेझ, होसे रेयेस अशी नावं. त्यांना डचांनी आधी ३-२ नं हरवलं. लोक म्हणाले, लागला मटका. तीन दिवसांनी पुन्हा तेच दोघे समोर, हरेल तो बाहेर. दहा इनिंग कुणाचीच धाव नाही. अकराव्यात डॉमिनिकनांनी एक काढली. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. मग अरुबा या तसल्याच दुसऱ्या बेटाच्या जीन किंग्सेलनं बरोबरी करणारा फटका मारला, तो स्वतः तिसऱ्या बेसवर पोचला, आणि युरेंडेल डी कास्टरचा जमिनीवरून सरपटत गेलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या माणसाच्या हातून निसटला. किंग्सेल घरी. २-१. आजोबा इथे टेबलावर तळहात आपटतात, अजूनही.

२०११ मध्ये तर पनामात वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात क्यूबाला २-१ नं हरवून डच जगज्जेते झाले. १९३८ मधल्या ब्रिटननंतर हा कप नेणारा युरोपातला पहिला संघ. कपाचं नशीब असं की त्यानंतर ती स्पर्धाच बंद झाली.

"आता या संघांची यादी काढ," मी मित्राला लिहिलं. "ॲंड्रेल्टन सिमन्स, जोनाथन स्कूप, युरिक्सन प्रोफार, केनली यान्सन, व्लादिमिर बालेंटीन. सगळे कुरासाओचे. झँडर बोगार्ट्स अरुबाचा. कुरासाओ बेट चारशे चव्वेचाळीस चौरस किलोमीटरचं, माणसं दीड लाख. कोल्हापूर शहराच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीत. घरात पापियामेंतो बोलतात, डचांची नारिंगी जर्सी घालतात. इथे कुणी त्यांना भाडोत्री म्हणत नाही."

आणि मग हुकमाचं पान टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुरासाओ फुटबॉलच्या वर्ल्ड कपला पात्र ठरलं, इतिहासातला सगळ्यात लहान देश. त्या संघातले जवळजवळ सगळे जन्मलेले नेदरलँड्समध्ये. रॉटरडॅम, आम्सटरडॅमची पोरं, आजी-आजोबांच्या बेटासाठी खेळायला गेलेली. तेव्हाचा प्रशिक्षकही डच, डिक ॲडव्होकाट. होंकबालमध्ये बेट मायदेशासाठी खेळतं, फुटबॉलमध्ये मायदेशातली पोरं बेटासाठी. रायन विल्यम्सनं वेगळं काय केलं?

मी आणखी तोंडसुख घेतलं. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा याच ग्रुपवर "आमचा मालवणी माणूस" म्हणून फटाके वाजले होते. वराड गावाला तो दोन वर्षांनी आला तेव्हाचे फोटो याच मित्रानं टाकलेले. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये डच क्रिकेट संघानं धरमशालेत दक्षिण आफ्रिकेला हरवलं तेव्हा विजयवाड्यात जन्मलेला तेजा निदामनुरू "आपला". म्हणजे आपली माणसं बाहेर जाऊन दुसऱ्याच्या झेंड्याखाली खेळली तर अभिमान, आणि बाहेरचा कुणी सगळं सोडून आपल्या झेंड्याखाली आला तर भाडोत्री? अराता इझुमी आठवतो का, विचारलं. जपानी आई, गुजराती वडील, पुण्याच्या क्लबकडून खेळायचा, जपानी नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारतासाठी उतरला. आणि शेवटी, वाईट असेल पण लिहिलंच: "तुझ्या तालमीच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर मागच्या सीझनला नायजेरियाचा होता ना?"

तासभर ग्रुप गप्प. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन उलटा ठेवून बसलेला, मनात ढोल वाजत होते.

मग उत्तर आलं. खासगीत, ग्रुपवर नाही. त्याचा हा चांगुलपणा मला लगेच कळला नाही.

"भावा, त्या बेटावरच्या लोकांना डचांनी जहाजात कोंबून नेलं होतं. ते गुलाम म्हणून गेले आन् मग झेंडा मिळाला. तुला कुणी नेलं?"

हा माणूस बारावीनंतर कॉलेजला गेला नाही, बापाचं हार्डवेअरचं दुकान बघतो. विकिपीडिया उघडला असणार. पण मुद्दा तर बरोबर होता. डचांनी कॅरिबियनमधल्या आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद केली ती १ जुलै १८६३ ला. कुरासाओवर गुलामांचा मोठा बाजार भरायचा. तूला नावाच्या गुलामानं तिथे १७९५ मध्ये उठाव केला होता, त्याला हाल करून मारलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी एक जुलैला इथल्या टीव्हीवर कार्यक्रम असतो. मी मेसेज लिहिताना ते बाजूला ठेवलं, एवढंच. बेसबॉलमध्ये बेटावरची लहान पोरं लिटल लीगला कुरासाओ म्हणूनच खेळतात, २००४ मध्ये त्यांनी तो वर्ल्ड कप जिंकलाही. त्या संघात प्रोफार होता, स्कूप होता. मोठे झाले की नारिंगी. २०११ मध्ये त्यांच्या ऑलिंपिक समितीची मान्यता गेली, त्यामुळे ऑलिंपिकला स्वतःचा झेंडा घेऊन जायची सोयच उरली नाही. याला मी "दोन घरं असलेल्या माणसांची सुंदर गोष्ट" म्हणून विकत होतो.

आणि "इथे कुणी म्हणत नाही" हेही पूर्ण खरं नव्हतं. जिंकले की ते डच असतात. रॉटरडॅममध्ये कुठल्या पोरानं काही केलं की बातमीत ॲंटिलियन, म्हणजे या बेटांवरचा, हा शब्द हटकून येतो. २०१३ आणि २०१७ च्या क्लासिकमध्ये म्यूलन्सच्या प्रशिक्षणाखालचा डच संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा तर पोर्तो रिकोकडून अकराव्या इनिंगला ४-३ नं हरला. तेव्हा ते "आपले". २०२३ मध्ये तैवानला गटातल्या पाचही संघांचे दोन विजय, दोन पराभव झाले आणि गणितात डच बाहेर पडले, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये एक गृहस्थ सहज म्हणाले, "आता आपल्या इथल्या मुलांना संधी द्यायला हवी." तोस्ती उलटताना मला एकदम मंगळवार पेठ ऐकू आली.

त्याच आजोबांनी, ज्यांचा मी इतका चाहता आहे, माझ्या मुलीला पहिल्या महिन्यात विचारलं होतं, कुठली गं तू? ती म्हणाली, होफडॉर्प. "नाही, म्हणजे खरी कुठली?" तिनं माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत लाल माती, हातात ग्लोव्ह, आणि चेहऱ्यावर गणित न सुटल्यासारखा भाव. मी "भारत" म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, कोल्हापूर." आजोबा खूश झाले, त्यांना दोन्ही सारखंच. त्यांच्या प्रश्नात वाईट काही नव्हतं. मी त्या रात्री उगाचच भांडी जोरात घासली.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते. माझ्या टेबलावर गेले पाच महिने नगरपालिकेचा डच नागरिकत्वाचा अर्ज पडून आहे. मी पात्र आहे. भाषा झाली, समाजज्ञानाची परीक्षा झाली, वर्षं तर कधीच भरली. मंजूर झाला की एक समारंभ, त्यात उभं राहून शपथ किंवा वचन, आणि भारताचा निळा पासपोर्ट वकिलातीत जमा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय कार्ड: आजन्म व्हिसा, मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित आलेली चालते. वडिलांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी मेल्यावर चालेल." हसले, पण मला ते हसणं पुरलं.

म्हणजे रायन विल्यम्स ज्या दारातून आत आला त्याच दारातून मी बाहेर पडायच्या बेतात आहे. मी त्याची बाजू एवढ्या तावातावानं का मांडत होतो ते मित्राला पहिल्याच मेसेजला कळलं असणार. त्याला खेळातलं काही कळत नाही असं मी वीस वर्षं म्हणत आलोय. माणसातलं कळतं.

मी त्याला काहीच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला. तालमीच्या वर्गणीचा क्यूआर कोड, आणि खाली, "वाद वादाच्या जागी. हे भर." मी इथून स्कॅन केला तर चालेना. भावाला पाठवला, त्यानं दुकानातून जाताना रोख दिले.

संध्याकाळी पावतीचा फोटो आला. त्याचंच अक्षर, शाळेत असताना होतं तसंच उजवीकडे कललेलं. नाव पूर्ण लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. पत्त्याच्या रकान्यात आधी "मंगळवार पेठ" लिहून एक रेघ मारून खोडलंय, आणि बाजूला लिहिलंय, "परगाव".

परगावात काय, पुणेसुद्धा येतं.