गोल गोल फिरणारी गोष्ट
टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड' कादंबरीत काळ उगाच मागेपुढे केलाय हे तिच्यावरच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. दोनदा अर्धवट टाकली तेव्हा मीही हेच म्हणायचे. तिसऱ्यांदा ती जागा आली, गुलामगिरीतून पळून आलेली नायिका सेथा तिच्या जुन्या सोबत्याला, पॉल डीला, आपल्या मुलीचं काय झालं ते सांगायला बघते आणि नुसती स्वयंपाकघरात गोल गोल फिरत राहते, मुद्द्यावर येतच नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अख्खी कादंबरीच तशी फिरतेय, कारण हे सरळ सांगवतच नाही. जिच्यावरून ही कादंबरी सुचली त्या खऱ्या गुलाम बाईने, १८५६ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नरने, पकडायला आले तेव्हा पोटच्या मुलीला मारलं, ते तारीखवार तर तेव्हाच्या पेपरातही आलं होतं! नावांचा गोंधळ होतो हे मात्र खरंय, मी मागच्या पानावर पेन्सिलने यादीच केली होती.