स्लॅबखालचा संसार

मुंबईत वरच्या मजल्याचं घर दाखवताना एजंट फक्त वाऱ्याबद्दल बोलतो, स्लॅबबद्दल अवाक्षर काढत नाही. आमच्याही वेळी त्याने दारातूनच थेट खिडकी गाठली, दादरची चौपाटी चालत पंधरा मिनिटांवर असल्याचं सांगितलं आणि त्या दिशेला इतक्या भक्तिभावाने पाहिलं की मान वर करून छताकडे बघणं असभ्यपणाचं वाटलं असतं.

छत काय चीज आहे ते पहिल्याच मे महिन्यात कळलं. काँक्रीट ऊन लगेच आत सोडत नाही, साठवून ठेवतं. दिवसभर गच्चीवर गोळा केलेली उष्णता ते रात्री, आपण दिवे मालवून आडवे झालो की, सावकाश खाली सोडू लागतं. रस्त्यावर साडेअकराला झुळूक असते आणि आमच्या बेडरूममध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात. पंखा पाचवर केला की तीच हवा जास्त वेगाने अंगावर येते, एवढाच फरक. सिव्हिल इंजिनियर मेहुणा राहायला आला होता. म्हणाला, "भावोजी, याला थर्मल मास म्हणतात. थंड देशांत लोक यासाठी मुद्दाम पैसे मोजतात."

याच मेहुण्याने गादीवर पडल्या पडल्या हिशेब केला. दहा बाय दहाची खोली, पाच इंची स्लॅब, घनमीटरला अडीच टन. म्हणजे डोक्यावर जवळपास तीन टन. एवढं सांगून तो कूस बदलून घोरायला लागला. मी पहाटेपर्यंत त्या तीन टनांवर लक्ष ठेवून होतो.

जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली. सेक्रेटरींना वर बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, ओलीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि निदान केलं, "ही गळती नाही. हवेतला दमटपणा आहे."

"पण थेंब पडतोय."

"दमटपणा जास्त आहे."

पुढच्या पावसाळ्यात दमटपणाखाली बादली ठेवावी लागली, तेव्हा सोसायटीने तपास पुढे नेला आणि ठपका आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांवर आला. पाणी अडवायला गच्चीवर घातलेल्या वीटतुकड्यांच्या जुन्या कोब्याला सगळीकडे भेगा पडल्या होत्या, पण कोबा सोसायटीचा आणि कुंड्या आमच्या. गंमत म्हणजे काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याचा पेटंट 1867 साली ज्याने घेतला तो फ्रान्सचा जोसेफ मोनिए पेशाने माळी होता, आणि पेटंट होता झाडांच्या कुंड्यांसाठी. थोडक्यात, सबंध दादर कुंडीच्या जिवावर उभं आहे. हे मी सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगितलं. ते इतिवृत्तात घेतलं नाही.

मग एके दिवशी हॉलच्या बीममधून एक चपटा तुकडा सुटला आणि थेट वरणाच्या वाटीत पडला. वर पाहिलं, तर बीमच्या पोटातून तांबूस सळई डोकावत होती. मेहुण्याला फोन लावला. घरी पाहुणे होते म्हणून की काय, त्याने सविस्तर समजावलं. काँक्रीट दाबाला पहिलवान. साध्या एम-20 प्रतीच्या काँक्रीटचा सहा इंची ठोकळा 45 टनांच्या आसपास वजन पेलतो. पण त्यालाच ताणलं, तर ताकद जेमतेम दहावा हिस्सा. बीम किंवा स्लॅब वजनाने वाकतो तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे सळया. आणि या दोघांचे छत्तीस गुण जुळतात. ऊन लागलं की दोघं जवळजवळ सारखेच फुगतात, गारव्यात सारखेच आक्रसतात. शिवाय ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं, की त्याच्या कुशीत लोखंड गंजत नाही.

"मग बिनसलं कुठे?"

"समुद्र पंधरा मिनिटांवर आहे ना?"

एजंटने ज्याचं कौतुक केलं होतं, ते हे. खाऱ्या हवेतले क्लोराइड वर्षानुवर्षं आत झिरपतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटची अल्कता हळूहळू संपवतो आणि सळई उघडी पडते. म्हणजे दिसायला झाकलेलीच, पण निराधार. मग ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. ती न मिळाल्यामुळे (मुंबईत कुणाला मिळते?) तो आतून ढकलत राहतो, आणि ज्याला आधार द्यायला सळई घातली त्याच काँक्रीटचा पापुद्रा उडवून लावतो. आमच्या वरणात पडला तो असा बराच जुना वाद होता.

इमारतीला तीस वर्षं उलटून गेली होती. मुंबईत अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. पण सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर पहिला अर्धा तास ते घट्ट होऊ नये आणि दहा तासांत झालंच पाहिजे, असं भारतीय मानकात आहे. कमिटीसाठी असं मानक नाही. आधीची कमिटी, मग निवडणूक, मग नवी कमिटी, तीन कोटेशनं, चौथं कुणाच्या तरी साडूचं. तोवर आम्ही त्या बीमखालून जेवणाचं टेबल हलवलं आणि सासूबाईंचा फोटोही दुसऱ्या भिंतीवर नेला.

अखेर ऑडिटवाले आले. एकजण हातोडा बीमला टेकवून दाबत होता. आतला दांडा किती उसळी घेतो त्यावरून म्हणे काँक्रीटचा कठीणपणा कळतो. दुसऱ्याने ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. काँक्रीटची तब्येत, म्हणजे अल्कता, ठीक असेल तर ते झकास राणी कलरचं होतं. ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि अर्धी विंग आमच्या हॉलमध्ये जमली. सगळे माना वर करून उभे. आमचा बीम जराही लाजला नाही. सळईपर्यंत करडाच राहिला. "अरेरे," असा एक सामुदायिक उद्गार निघाला, आणि बायकोने सवयीने सगळ्यांना चहा विचारला.

दुरुस्ती म्हणजे हॉलच्या मध्यात लोखंडी टेकू आणि सोफ्यावर ताडपत्री. सुटं काँक्रीट टणक लागेपर्यंत फोडायचं, सळई मागून-पुढून मोकळी करायची, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, गंजरोधक लावायचं, फार झिजलेल्या सळईला नवी जोडायची, प्लायचं सेंट्रिंग ठोकून आत मायक्रोकाँक्रीट ओतायचं. त्या काळात जे जे खाल्लं त्यात सिमेंट होतं. शेवया चावाव्या लागत होत्या.

सेंट्रिंग निघालं, तसे सेक्रेटरी पाहायला आले. "आता सगळे पंखे लावून ठेवा, लवकर सुकेल."

मुकादम दचकलाच. "सुकवायचं नाही साहेब! पाणी मारायचं. सात दिवस."

तो बरोबर होता. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, पाण्याखालीसुद्धा होतं, आणि पाणी आधीच उडून गेलं तर कच्चं राहतं. नव्या रस्त्यांवर आळी करून पाणी साठवलेलं आपण बघतो, ते याचसाठी. फक्त रस्ता खाली असतो. आमचा बीम डोक्यावर होता. त्याला गोणपाट गुंडाळलं गेलं आणि घरातले सगळे पाळीपाळीने झाडांचा पंप घेऊन स्टुलावर चढू लागले. गोणपाट टपटपत होतं. टीव्ही छत्रीखाली बघत होतो. बातम्यांत पाणीकपातीची घोषणा चालू असताना मी छताला पाणी घालत होतो.

मुदत संपायच्या आत बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू, मागे सेक्रेटरी.

"अहो, आमच्या हॉलच्या छताला ओल आलीय. वरून पाणी येतंय तुमच्याकडून."

मी पंप बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि म्हटलं, "काकू, ती गळती नाही. हवेतला दमटपणा आहे."

सेक्रेटरींनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग खिशातून पेन काढत म्हणाले, "कमिटीत एक जागा रिकामी आहे. नाव घालू का?"