क्रूझच्या फ्युएल सरचार्जवर बंदी वगैरे आलेली नाही

"अमेरिकेत कोर्टाने क्रूझचा फ्युएल सरचार्ज बेकायदा ठरवला, सगळ्यांना पैसे परत मिळाले" असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. फ्युएल सरचार्ज म्हणजे तेल महागलं की क्रूझ कंपनी घेते तो जादा आकार. झालं असं की नोव्हेंबर 2007 मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीने माणशी रोज 5 डॉलर सरचार्ज जाहीर केला, म्हणजे 7 दिवसांच्या ट्रिपला नवराबायकोचे 70 डॉलर जास्तीचे, मग रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या कंपनीनेही तेच केलं, आणि ज्यांचं बुकिंग आधीच झालं होतं त्यांनाही बिल लावलं, हा सरळसरळ अन्यायच होता. फ्लोरिडाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) चौकशी लावली, 2008 मध्ये तडजोड झाली, आणि रिफंड मिळाला तो फक्त घोषणेआधी बुक केलेल्यांना! कोर्टाचा निकाल वगैरे काही नाही. नंतर तेल उतरलं तसा कंपन्यांनीच सरचार्ज थांबवला.

पण सरचार्ज लावायचा हक्क कंपन्यांनी सोडला नाही हो. कच्चं तेल ठरावीक भावाच्या वर गेलं तर सरचार्ज लावू, पूर्ण पैसे भरलेले असले तरी, असं कलम तिकिटाच्या अटींत असतं. त्यामुळे कॅरिबियन क्रूझ बुक करत असाल तर एजंटकडून ते कलम आधी मागवून वाचा, माणशी रोज जास्तीत जास्त किती लावू शकतात तेही त्यातच लिहिलेलं असतं.