‘एनपीव्ही चुकीचा सांगितला’ या रिव्ह्यूला क्लासकडून उत्तर

नमस्कार साहेब,
आपल्या चिरंजीवांना मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. रात्री आपण फोन केलात तेव्हा बॅच सुरू होती. शिकवताना मी फोन घेत नाही.

पण ‘सहाशे रुपये घेतले आणि उत्तर चुकीचं सांगितलं’ हे वाचून फार लागलं. क्लास छोटा आहे, नवी मुलं रिव्ह्यू बघूनच येतात. म्हणून सविस्तर लिहितो. एनपीव्ही म्हणजे प्रकल्पातून पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा सुरुवातीचा खर्च; अधिक आला तर प्रकल्प घ्यावा, उणे आला तर नाकारावा.

असाइनमेंट सकाळी द्यायची होती आणि चिरंजीव आदल्या संध्याकाळी आले. मोबाइलवर प्रश्नाचा फोटो, तोही एकाच पानाचा. मशीन 10 लाखांचं, पाच वर्षं दरवर्षी कर भरून उरणारी रोख आवक 2,80,000, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, 12 टक्के. पाच वर्षांचा ॲन्युइटी फॅक्टर, म्हणजे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची एकूण किंमत, 3.605. गुणाकार 10,09,400, त्यातून मशीनचे 10 लाख गेले, म्हणजे एनपीव्ही अधिक 9,400, प्रकल्प घ्यावा. त्या आकड्यांवर हेच उत्तर येतं, कुठल्याही सीएला दाखवा.

कॉलेजनं मार्क कापले ते वर्किंग कॅपिटलचे, म्हणजे रोजच्या कामकाजात अडकून राहणाऱ्या खेळत्या भांडवलाचे. ती 1 लाखाची ओळ मागच्या पानावर होती, हे मला तपासलेली असाइनमेंट बघितल्यावर कळलं. लाख रुपये सुरुवातीला अडकतात आणि पाचव्या वर्षाअखेर सुटतात, पण तेव्हाच्या लाखाची आजची किंमत फक्त 56,700. उरलेले 43,300 वजा केले की एनपीव्ही उणे 33,900 होतो आणि तोच प्रकल्प नाकारावा लागतो. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, वर्किंग कॅपिटल दिलंय का? ‘नाही सर’ म्हणाला. त्याच्याच वहीत वर कोपऱ्यात माझ्या लाल पेनानं ‘व. कॅ. – नाही’ लिहिलेलं आहे, कृपया बघावं.

आणि फी शिकवण्याची होती. असाइनमेंट लिहून देणं मी कधीच केलं नाही, करणारही नाही. तो कर्जाचं व्याजही रोख आवकेतून वजा करत होता. ते डिस्काउंट रेटमध्येच येतं, हे त्याला त्या संध्याकाळी नीट कळलं. हे रिव्ह्यूत कुठेच नाही, याचं वाईट वाटतं.

यापुढे पूर्ण प्रश्नपत्रिका हातात आल्याशिवाय गणित सुरू करणार नाही, फोनचंही काहीतरी बघतो. चिरंजीवांना जरूर पाठवा, हेच गणित पुन्हा करून घेतो, वेगळी फी नाही. आणि वही बघून झाल्यावर रिव्ह्यूचा फेरविचार करावा, ही विनंती.