चिठ्ठ्या टाकणं म्हणजे पोरखेळ?

कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत कारखानदारांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘बदल करा, महिन्याचा आकडा बघा, सुधारला की झालं सिद्ध. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनाच बदल द्यायचा, उरलेल्यांना वगळायचं आणि दोघांची तुलना करायची, हे प्राध्यापकांचं खूळ. कुणी बघतंय म्हटलं की कामगार नीटच काम करतो. आणि असले प्रयोग परदेशात चालतात, आपल्याकडं नाही.’

आधी आकड्याचं बोलू, घोळ तिथंच आहे. मी होतो त्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) ऑगस्टात रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, फार वाढलं म्हणून सप्टेंबरपासून वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना बक्षीस लावलं. ऑक्टोबरात ब्लो होल (ओतीव मालात वायूनं पडणारी भोकं) कमी झाले, पेढे वाटले. पण ऑगस्टात कोल्हापूरची हवाही ओली आणि वाळूही ओली, ऑक्टोबरात उघडीप. गुण बक्षिसाचा की उघडिपीचा? शिवाय आकडा अगदी बिघडला की मगच माणूस उपाय शोधतो, आणि सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना काही न करताही बहुधा बरा निघतो. सर्दीवरचे काढे असेच नावाजतात. बक्षीस चिठ्ठीनं निम्म्याच लाइनींना दिलं असतं, तर पाऊस मात्र सगळ्यांना सारखा लागला असता, आणि उरलेला फरक बक्षिसाचा ठरला असता.

‘वगळलं’ म्हणू नका. उरलेल्यांना तीन महिन्यांनी द्या.

‘बघतंय म्हणून’ हा मुद्दा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातला. दिव्यांच्या उजेडाचे प्रयोग तिथं १९२४ साली सुरू झाले; उजेड कसाही बदला, कुणी बघतंय म्हणून काम वाढतंच, अशी त्यांची पुस्तकी गोष्ट. त्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून २०११ मध्ये जे छापून आलं, त्यात त्या गोष्टीइतका ठळक परिणाम दिसला नाही. तरी भीती खरी धरू. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या (हे परदेशात येत नाही!) १७ कापड कंपन्यांत सल्लागार महिनाभर सगळीकडं गेले. चिठ्ठीत आलेल्या ११ कंपन्यांत आणखी चार महिने थांबून त्यांनी साठ्याची नोंद, यंत्रांची देखभाल, दोषांचा रोजचा हिशेब अशा सवयी लावल्या. पहिल्या वर्षात त्यांची उत्पादकता उरलेल्यांच्या तुलनेत १७ टक्के वाढली. नजर उरलेल्या सहांवरही होतीच, म्हणजे फरक नुसत्या नजरेचा नव्हे.

खरा आक्षेप मेसेजात नाहीच. आपल्या सगळ्या लाइनी एकाच कॅन्टीनला चहा पितात. बक्षिसाची बातमी दुपारपर्यंत पोचते, न मिळालेले रुसून हात आखडतात, आणि रुसव्याचा फरक बक्षिसाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून चिठ्ठी वेगवेगळ्या युनिटांत टाकायची. तेवढी युनिटं एका मालकाकडं नसतात. दहा-बारा जणांनी एकत्र यावं लागेल आणि आपापल्या रिजेक्शनचा आकडा एकमेकांपुढं मांडावा लागेल. त्याला कोण तयार आहे, तेवढं कळवा.