वाडीत कोण आपला? वर्गणीची वही उघडून बघा

शिमगा जवळ आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडीवाडीत वाद पेटतो, पालखी कुणाच्या अंगणात जाणार. तो देवाचा वाद वाटतो, पण माझ्या मते निम्माअधिक वाद वहीचा असतो.

बहुतेक वाड्यांत वर्गणी घरपट असते आणि घर म्हणजे चूल. भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या की वर्गणीही दोन. मान मात्र एकच, तो थोरल्याकडे. मग धाकटा विचारतो, पैसे घेताना माझं घर वेगळं, ओटी भरताना कसं नाही? प्रश्न चोख आहे. उत्तर 'पूर्वापार' एवढंच मिळतं. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची सत्ता, 1949 च्या कायद्याने गेली, मानपानाची उतरंड मात्र तशीच राहिली.

चाकरमान्याचं त्याहून अवघड. तो वाडीची वर्गणी भरतो, मुंबईतल्या मंडळाचीही भरतो आणि चार दिवसांसाठी येऊन बैठकीत बोलतो. पाखाडी (वाडीतली दगडी पायवाट) साफ करायला, होळीचं झाड आणायला जे राबतात, त्यांना ते खुपतं. दोघांचंही खरं, कारण एक पैसा मोजतो, दुसरा घाम.

बाहेरून येऊन जागा घेतलेल्याची गंमत वेगळीच. सगळ्यात मोठी रक्कम त्याची, पण ती देणगीच्या पानावर. वर्गणीच्या पानावर नाव असेल तर बैठकीत तोंड उघडता येतं. देणगीवाल्याला शाल-नारळ मिळतो आणि पुढची खुर्ची. कुंपण दिसत नाही, पण असतं ते तिथेच.

म्हणून शिमग्याच्या महिनाभर आधी बैठक घ्या आणि लिहून काढा: नवी चूल कधीपासून धरायची, बंद घराला किती, श्रमदान न करणाऱ्याने बदली काय द्यायचं, नव्या घराला वर्गणीच्या पानावर कधी घ्यायचं. खाली तिघांच्या सह्या, त्यातली एक बाईची.

खरा घोळ थकबाकीत होतो. दोन-तीन वर्षं तुंबली की कुणीतरी 'त्याच्याकडे पालखी बंद' म्हणतो, पुढे बोलणं बंद, मग मयताला खांदाही बंद. 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मदत करणाराही सुटत नाही. थकबाकीदाराला मंडळाची भांडी आणि मंडप सवलतीत देऊ नका, इतपत ठीक. पालखी, विहीर, पाखाडी आणि स्मशान त्या यादीत चुकूनही घालू नका.